विद्यार्थ्यांची लाइफ सायन्सेस परिषद : मार्गदर्शक प्राध्यापकांनो, या चुका टाळा

विद्यार्थ्यांनी चालवलेली परिषद फसली की खापर पोरांच्या डोक्यावर फुटतं. मेल उशिरा गेला, बोर्ड कमी पडले, पाहुण्यांना घ्यायला कुणी गेलंच नाही. यातल्या किरकोळ गोष्टी पोरांच्या असतीलही. पण मोठे गोंधळ होतात ते जिथे विद्यार्थ्याच्या सहीला किंमत नसते तिथे : पैसा, परवानगी, परीक्षक, एथिक्स कमिटीची मंजुरी. ही कामं मार्गदर्शक प्राध्यापकांची, आणि नेमके तेच बॅनरवर लोगो डावीकडे हवा की उजवीकडे यात दोन दिवस घालवतात.

पोस्टरांचा भागाकार न करणं

ही चूक वर्षानुवर्षं होते आणि कळते ती बक्षीस समारंभात. पोस्टर सत्र 11:30 ते 1, पोस्टरं 60, परीक्षक तीन. एका पोस्टरला पाच मिनिटं धरली तर एका परीक्षकाला सगळी पाहायला पाच तास हवेत. मग ऐनवेळी तोडगा निघतो : पहिली वीस तुमची, पुढची वीस यांची, उरलेली त्यांची.

गोची इथेच होते. एका परिषदेत पहिल्या रांगेचे परीक्षक हाताने सढळ. 20 पैकी 15च्या खाली उतरलेच नाहीत. दुसऱ्या रांगेच्या मॅडम कडक, त्यांचा सर्वांत जास्त मार्क 13. तिन्ही बक्षिसं पहिल्या रांगेत गेली. 34 क्रमांकाच्या पोस्टरवरची मुलगी मॅडमच्या यादीत पहिली होती, एकत्र यादीत मात्र पहिल्या विसांतही नव्हती. त्यात पहिल्या रांगेत यजमान कॉलेजची पोस्टरं जास्त, त्यामुळे आरोपाला आयतं निमित्त मिळालं. विद्यार्थी समितीने आठवडाभर बोलणी खाल्ली. पक्षपात कुणीच केला नव्हता. वाटणी चुकली होती.

हिशेब उलट्या बाजूने करा. चालणं-बोलणं धरून दीड तासात एक परीक्षक 15 पोस्टरं नीट पाहतो. प्रत्येक पोस्टर दोघांनी पाहायचं म्हटलं तर 60 पोस्टरांची 120 परीक्षणं होतात, म्हणजे आठ परीक्षक लागतात. आठ मिळत नसतील तर पोस्टरं तीसच घ्या. "जास्त एंट्री आल्या" हे अहवालात छान दिसतं, पण ज्याचं पोस्टर कुणी पाहिलंच नाही तो पुढच्या वर्षी येत नाही. परीक्षकांच्या जोड्या ठरावीक ठेवू नका, फिरवा. मार्कांची बेरीज करण्याऐवजी प्रत्येक परीक्षकाच्या यादीतला क्रम धरा. वरची सहा पोस्टरं जेवणानंतर सगळ्यांनी मिळून पाहायची. अर्धा तास पुरतो.

वीस मार्कांची वाटणी आम्ही अशी धरतो : प्रश्न स्पष्ट आहे का 4, पद्धत आणि कंट्रोल (तुलनेसाठी ठेवलेला नमुना) 6, निष्कर्ष 5, प्रश्नांची उत्तरं 5. सजावटीला शून्य. ते मार्क फ्लेक्सवाल्याचे.

आणि स्वतःच्या विद्यार्थ्याचं पोस्टर कुणी तपासायचं नाही. कॉलेजचं नाव झाकून काही साधत नाही. मुलगा बोलायला लागला की दुसऱ्याच वाक्यात "आमच्या मॅडम" येतात. गाइडचं नाव आणि परीक्षकाचं नाव एक्सेलमध्ये शेजारी ठेवून आदल्या दिवशी जुळवा.

टक्का पाहून अ‍ॅबस्ट्रॅक्ट पास करणं

उचलेगिरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरने 8 टक्के साम्य दाखवलं म्हणून अ‍ॅबस्ट्रॅक्ट (कामाचा छोटा सारांश) घेतला, 22 दाखवले म्हणून परत पाठवला. ही निव्वळ पळवाट आहे. अडीचशे शब्दांत पद्धतीची दोन सर्रास वापरली जाणारी वाक्यं आली तरी टक्का चढतो, आणि शब्द फिरवून लिहिलेली उचलेगिरी सुखरूप सुटते. अ‍ॅबस्ट्रॅक्ट वाचावाच लागतो. चार मिनिटं लागतात.

वाचताना आधी आकडा शोधा. "निकालांवर चर्चा केली जाईल" असा शेवट असेल तर काम झालेलंच नाही, परत पाठवा.

मग कंट्रोल शोधा. पदवीच्या परिषदांत हमखास येणारा विषय म्हणजे कुठल्या तरी पानांचा अर्क आणि त्याचा जिवाणूंवर परिणाम. अगारमध्ये (जिवाणू वाढवायच्या जेलीत) विहिरी म्हणजे छोटी भोकं पाडली, इथेनॉलमधला अर्क घातला, भोवती स्वच्छ वलय आलं, मिलिमीटर मोजले, झालं. नुसत्या इथेनॉलची विहीर कुठे आहे? इथेनॉल स्वतःच जिवाणू मारतं. ती एक विहीर नसेल तर ते वलय अर्काचं की इथेनॉलचं हे सांगताच येत नाही. शेजारी एखादं माहीत असलेलं अँटिबायोटिकही हवं. "तीनदा केलं" असं लिहिलं असेल तर विचारा : तीन वेगवेगळ्या दिवशी, ताज्या कल्चरवर (वाढवलेल्या जिवाणूंवर), की एकाच कल्चरच्या तीन प्लेटा? हे प्रश्न अ‍ॅबस्ट्रॅक्ट परत पाठवतानाच गेले तर पोरगं प्रयोग पुन्हा करू शकतं. पोस्टरसमोर विचारले तर ते फक्त खजील होतं.

यापेक्षा गंभीर मंजुरीचा मुद्दा. वर्गमित्रांचं रक्त, गालाच्या आतला स्वॅब, रुग्णांचे नमुने, उंदरांवरचे प्रयोग, यांना संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी काम सुरू होण्यापूर्वी लागते. माणसांसाठी वेगळी समिती, प्राण्यांसाठी वेगळी. काम झाल्यावर मागच्या तारखेची मंजुरी मिळत नाही, आणि "छोटंसं तर प्रोजेक्ट आहे" ही सबब चालत नाही. गुगल फॉर्ममध्ये मंजुरी क्रमांकाचा रकाना सक्तीचा करा. गरज नसेल तर का नाही, हे एका ओळीत लिहायला लावा. त्याखाली दुसरा सक्तीचा रकाना : गाइडची संमती. परिषदेच्या पुस्तिकेत छापलं की काम जाहीर झालं, त्यामुळे पेटंटचा विचार असलेल्या गाइडला हे आधी कळायला हवं.

शेवटच्या आठवड्यात लगाम हिसकावणं

तीन महिने "तुमचं तुम्ही करा", आणि शेवटच्या पाच दिवसांत सर स्वतः केटररला फोन करतात. मग केटररकडे दोन आकडे असतात, सरांचे 200 आणि समितीचे 260. उपाय साधा आहे. ज्या विद्यार्थ्याकडे काम आहे त्याच्याच नंबरवरून फोन जाईल. सरांना शंका असेल तर त्यांनी विद्यार्थ्याला विचारायचं, केटररला नाही. उतावीळ सरांना हे जड जातं, माहीत आहे.

पैसे विद्यार्थ्याच्या गुगल पेवर घेणं

"कॉलेजचं खातं मिळेपर्यंत तात्पुरतं" असं म्हणून सुरू होतं. शंभर जणांची फी एका मुलाच्या खात्यात जमते, कुणी परतावा मागतो, कुणाचा स्क्रीनशॉट खोटा निघतो, आणि जबाब तो मुलगा देत बसतो. कॉलेजच्या खात्याचा क्यूआर कोड हातात आल्याशिवाय नोंदणी उघडू नका. अनुदान असेल तर बिलं संस्थेच्या नावाची आणि मंजुरीच्या कालावधीतली हवीत, नाहीतर उपयोगिता प्रमाणपत्राच्या (अनुदान कशावर खर्च झालं याच्या दाखल्याच्या) वेळी ऑडिटर ती बाजूला काढतो. चहावाल्याची कच्ची पावती त्याच दिवशी बदलून घ्या, महिन्याने तो ओळखही दाखवत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

"ए-झीरो पोस्टर" एवढंच कळवू नका. ए-झीरो म्हणजे 841 बाय 1189 मिमी. बोर्ड तीन फूट रुंद, चार फूट उंच असेल तर उभं पोस्टर बसतं, आडवं दोन्हीकडून बाहेर येतं. "उभं" हा शब्द ठळक लिहा.

उद्घाटन 40 मिनिटांत संपवा. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सात जणांचे शाल-श्रीफळ आणि अध्यक्षीय मनोगत यांनी खाल्लेला वेळ नेहमी विद्यार्थ्यांच्या तोंडी सादरीकरणातूनच कापला जातो. सत्कार हवेच असतील तर समारोपात घ्या.

सादरीकरणं आदल्या संध्याकाळी एकाच लॅपटॉपवर घ्या, सोबत पीडीएफ. मायक्रोस्कोपचा व्हिडिओ फाइलमध्ये घातलाय की नुसती लिंक आहे, ते चालवून पाहा.

पाहुण्या वक्त्यांच्या पत्रात व्याख्यानाची मिनिटं, प्रवासखर्च कोण करणार आणि मानधन लिहा. फोनवरचं "बघू, करू आपण" पुढे महागात पडतं.

"निवडक पेपर जर्नलमध्ये छापू" असं आमिष ब्रोशरवर नको. यूजीसीने चांगल्या जर्नलांची केअर यादीही बंद केली आहे. कुठलं जर्नल चांगलं याची जबाबदारी आता उघडपणे तुमचीच.

ई-प्रमाणपत्रं साध्या जीमेलवरून एका दमात पाठवू नका. दिवसाला 500ची मर्यादा आहे. ती ओलांडली की खातं तात्पुरतं अडकतं आणि तक्रारींना उत्तरंही देता येत नाहीत. दोन दिवसांत विभागून पाठवा, आणि त्याआधी नावांची यादी सहभागींना एकदा तपासायला द्या.