मातीची जात कशी ठरवावी: कणकुंबीपासून अथणीपर्यंत

बेळगाव जिल्ह्यातल्या तीन माती घ्या: खानापूरची तांबडी, गोकाकची तांबडी आणि हुक्केरीच्या माळावरची तांबडी. तिन्हींची मूठमूठ कागदावर शेजारी ठेवली तर बघणारा बहुधा त्यांना एकाच जातीत बसवेल. पण पहिलीतला चुना आणि पोटॅश पावसाने कधीच धुऊन नेलेत, मागे लोह आणि अ‍ॅल्युमिनियम उरले आहे. दुसरी गोकाकच्या धबधब्यावर उघडा दिसतो त्या वालुकाश्माची, बोटांना रवाळ लागणारी. तिसरी काळ्या कातळाच्या मुरमातून अलीकडे तयार झालेली, पातळ पण ताकदीची. या तिन्हींना एकाच मापाने खत-पाणी दिले तर दोन ठिकाणी तरी पैसा वाया जातो. म्हणून जात नीट ठरवायची. ती रंगावरून ठरत नाही, आणि माती परीक्षणाच्या नेहमीच्या पत्रिकेवरूनही ठरत नाही. त्या पत्रिकेसाठी वरचा 15 ते 20 सेंटिमीटरचा नमुना घेतात. त्यातून यंदा खत किती घालावे ते कळते. जात कळायला खाली उतरावे लागते.

आधी नकाशा, मग कुदळ

सर्व्हे ऑफ इंडियाचा 1:50,000 प्रमाणाचा नकाशा घ्या. जुन्या क्रमांकांप्रमाणे बेळगाव-खानापूर 48 आय मध्ये, निपाणी-चिकोडी 47 एल मध्ये आणि अथणी गाव 47 पी मध्ये येते. त्यावर समोच्च रेषा पाहून माथा, उतार, पायथा आणि ओढाकाठ अशा चार जागा खुणा करून घ्या. खडक कोणता तेही लिहून ठेवा: निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात काळा कातळ म्हणजे बेसॉल्ट, गोकाककडे वालुकाश्म, खानापूरकडे जुने शिस्ट (पापुद्र्यांचा खडक) आणि वर जांभ्याची टोपी.

प्रत्यक्ष जागेवर उतार मोजा. 20 मीटर दोरी उताराच्या दिशेने धरून पाण्याच्या नळीने दोन टोकांची पातळी घ्या. फरक 60 सेंटिमीटर आला तर उतार 3 टक्के. फोनच्या अ‍ॅपवर कमी उतारात विसंबू नका. 1 आणि 3 टक्क्यांतला फरकच इथे महत्त्वाचा असतो, आणि तिथेच अ‍ॅप चुकते.

गावकऱ्यांना जमिनीचे नाव विचारा. मळी, माळ, मुरमाड, खारवट, चोपण हे शब्द मराठी शेतकरी सहज सांगतो. शेजारचा कन्नड शेतकरी काळीला एरी आणि हलक्या तांबडीला मसारी म्हणेल. ही नावे शतकानुशतकांच्या नांगरटीतून आलेली आहेत. खड्डा कुठे घ्यावा हे ती अचूक सांगतात.

एक इशारा: काही शेतांत तळ्यातला किंवा ओढ्यातला गाळ आणून मुरमावर पसरलेला असतो. वरून ती भारी काळी दिसते. खड्ड्यात मात्र काळ्या थराखाली सुरीने कापल्यासारखी सरळ रेष लागते आणि लगेच मुरूम सुरू होतो. नैसर्गिक जमिनीत हा बदल हळूहळू, अनियमित सरहद्दीने होतो. असा खड्डा जातीसाठी धरू नका.

खड्डा

फेब्रुवारी-मार्च उत्तम. भेगा उघड्या असतात आणि खालची ओलही पूर्ण गेलेली नसते. लांबी दीड मीटर, रुंदी एक मीटर, खोली दीड ते दोन मीटर किंवा कातळ लागेपर्यंत. ज्या भिंतीचे वर्णन करायचे तिच्यावर ऊन पडेल अशी दिशा ठेवा. त्या भिंतीच्या काठावर माती टाकू नका, तिथे उभेही राहू नका. वरची आणि खालची माती वेगवेगळ्या ढिगांत ठेवा. काळ्या जमिनीतली भिंत भेगेच्या रेषेवर अचानक सुटते, त्यामुळे खोल खड्ड्यात एकट्याने उतरू नये.

भिंत सुरीच्या टोकाने वरून खाली हलके उकरून घ्या. सुरीची पाठ किंवा फावड्याची बाजू घासली की चिकणमातीवर खोटी चकाकी येते. आता थर मोजा. प्रत्येक थराचा रंग मनसेलच्या रंगपुस्तकाशी ताडून कोरडा आणि ओला असा दोनदा लिहा, दहा ते चारच्या उन्हात, काळा चष्मा न घालता. 10 टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाका. सळसळून फेस आला तर चुना आहे. चुनखडीचे खडे वेचून त्यांच्यावर वेगळा थेंब टाका, कारण बऱ्याचदा खडे फेसाळतात आणि भोवतालची माती गप्प असते.

काळ्या जमिनीत एक गोष्ट शोधायचीच. साधारण 50 सेंटिमीटरच्या खाली मोठे ढेकूळ हातांनी फोडा. फुटलेली बाजू तिरकी, गुळगुळीत, तेल लावल्यासारखी चकाकती आणि बारीक समांतर रेघांची असेल, तर ओली होऊन फुगलेली माती माती-मातीवर घासून सरकली आहे. व्हर्टिसॉल (अमेरिकी मृदा-वर्गीकरणात भेगाळणाऱ्या, फुगणाऱ्या भारी जमिनीचे नाव) हे नाव द्यायला 100 सेंटिमीटरच्या आत सुरू होणारा, किमान 25 सेंटिमीटर जाडीचा असा थर लागतो. किंवा पाचरीच्या आकाराची ढेकळे लागतात, ज्यांचा लांब अक्ष आडव्याशी 10 ते 60 अंशांनी कललेला असतो. शिवाय वरच्या 50 सेंटिमीटरमध्ये चिकणमाती 30 टक्क्यांच्या खाली जाता कामा नये आणि भेगा ठरावीक काळाने उघडून मिटल्या पाहिजेत. कातळ किंवा घट्ट मुरूम इतका वर लागला की असा 25 सेंटिमीटरचा थरच बसत नाही, तर ते नाव मिळत नाही, वरची माती कितीही काळीभोर असो. हुक्केरी-चिकोडीच्या उतारावर पुष्कळ जमिनी याच कारणाने बाद होतात.

भेगा मोजायला पोलादी पट्टी आणि 2 मिलिमीटरची तार पुरते. उसाच्या फडात मोजू नका. तिथे पाणी सतत असल्याने भेगा पडतच नाहीत, आणि मग चांगली भारी जमीन कागदावर वेगळीच ठरते. बांधावर किंवा शेजारच्या जिरायतीत मोजा.

नमुने खालच्या थरापासून वर घ्या, नाहीतर वरची माती खालच्या पिशवीत पडते. दर थराला एक किलो. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा आणि दोन ठेवा, एक आत, एक बाहेर. ओल्या मातीत शाईचे पेन टिकत नाही.

प्रयोगशाळेत काय मागावे

माती सावलीत वाळवून लाकडी दांड्याने हलकी कुटा आणि 2 मिलिमीटर चाळणीतून काढा. चाळणीवर उरलेले खडे फेकू नका, त्यांचे वजन घ्या. माळावरच्या जमिनीत खडे निम्मे असतील तर पाणी आणि अन्नद्रव्ये धरणारी माती निम्मीच आहे.

सामू (पीएच) 1:2.5 पाण्यात, म्हणजे एक भाग मातीला अडीच भाग पाणी, घ्या, आणि तांबड्या मातीचा 1 नॉर्मल पोटॅशियम क्लोराइडमध्येही घ्या. साधारणपणे दुसरा आकडा पहिल्यापेक्षा अर्धा ते एक अंकाने कमी येतो. फरक फार थोडा असेल तर माती खूप झिजलेली आहे. क्षारतेसाठी 1:2.5 चा आकडा संपृक्त अर्काच्या (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याच्या) आकड्याशी कधी जुळवू नका. 4 डेसिसायमन प्रति मीटर ही खारवट जमिनीची ओळख संपृक्त अर्कासाठी आहे. पातळ द्रावणात तीच जमीन बरीच सोज्वळ दिसते. कृष्णाकाठच्या रायबाग-अथणी पट्ट्यात जास्त पाण्याने खराब झालेल्या जमिनी या एका चुकीमुळे चांगल्या ठरून जातात. त्या भागात विनिमयशील (मातीच्या कणांना चिकटलेला) सोडियमही मोजायलाच हवा. तो 15 टक्क्यांवर गेला की जमीन चोपण धरतात, पण भारी काळ्या मातीत त्याच्या कितीतरी आधीच पाणी मुरणे मंदावते.

सर्वांत जास्त घोळ चिकणमातीच्या टक्केवारीत होतो. हायड्रोमीटर पद्धतीत 50 ग्रॅम माती, 5 टक्के सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटचे 100 मिलिलिटर द्रावण, रात्रभर भिजवण, मग यंत्राने घुसळण, आणि 40 सेकंद व 2 तासांनी वाचन. तापमान 20 अंशांवर जितके असेल त्या प्रत्येक अंशाला 0.36 मिळवायचे. काळ्या मातीत हे ठीक चालते, मात्र चुना जास्त असेल तर तो आधी आम्लाने काढून माती धुऊन घ्यावी लागते. जांभ्याच्या मातीत लोहाचे कण चिकणमातीला सिमेंटसारखे बांधतात. मग चिकणमाती वाळूचा वेष घेऊन तळाशी बसते आणि टक्केवारी खोटी, कमी येते.

पडताळा असा घ्या. 15 बार दाबाला मातीत उरलेले पाणी मोजा आणि त्याला चिकणमातीच्या टक्क्यांनी भागा. हे उत्तर साधारण 0.4 च्या आसपास असते. समजा पाणी 18 टक्के, चिकणमाती 24 टक्के, उत्तर 0.75. 0.6 च्या वर गेले म्हणजे माती नीट सुटलेली नाही. मग पाण्यातून सेंद्रिय कर्ब वजा करून 2.5 ने गुणा. कर्ब 1 टक्का असेल तर 17 गुणिले 2.5, म्हणजे चिकणमाती साडेबेचाळीस टक्के. जवळजवळ दुप्पट.

हा आकडा दुरुस्त केला की पुढचे सगळे उलगडते. विनिमय क्षमतेला (मातीची अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची क्षमता) चिकणमातीने भागून 100 ने गुणा, म्हणजे किलोभर चिकणमातीची ताकद कळते. समजा क्षमता 6 आहे आणि चिकणमाती 42.5 टक्के: उत्तर 14. 16 किंवा त्याखाली असेल तर ती केओलिनाइटची, झिजलेली माती. हुक्केरीच्या माळावरच्या मुरमाडीत समजा क्षमता 22, चिकणमाती 28 टक्के: उत्तर 79, म्हणजे फुगणाऱ्या स्मेक्टाइटचे राज्य. मघाच्या तीन तांबड्यांतल्या दोन इथेच वेगळ्या झाल्या. गोकाकची तिसरी तिच्या वाळूवरून आधीच ओळखू येते. हा हिशेब खालच्या थरावरच करा, कारण वरच्या थरात सेंद्रिय द्रव्य क्षमता वाढवून दाखवते. चुनखडीच्या मातीत अमोनियम अ‍ॅसिटेट चुना विरघळवते आणि कॅल्शियम फुगवून दाखवते, तिथे 8.2 सामूचे सोडियम अ‍ॅसिटेट मागा.

खानापूरची माती अल्फिसॉल (कमी धुपलेली, भरती जास्त) की अल्टिसॉल (जास्त धुपलेली, भरती कमी), हे खालच्या थरातली कॅल्शियम-मॅग्नेशियम-पोटॅशियम-सोडियमची भरती 35 टक्क्यांच्या वर आहे की खाली यावर ठरते. ही टक्केवारी 8.2 सामूच्या बेरीज पद्धतीची लागते. प्रयोगशाळा बहुतेकदा 7 सामूचा आकडा देते, जो चढा असतो.

फुगण्याची चाचणी घरीही होते. चाळलेल्या मातीचा घट्ट लगदा करा, रात्रभर झाकून ठेवा, टोक कापलेल्या सिरिंजमधून 10 सेंटिमीटर लांब कांडी काढा. सावलीत, मग उन्हात वाळवून लांबी मोजा. 9 सेंटिमीटर उरली तर 1 भागिले 9, म्हणजे 0.11. 0.09 च्या वरची माती फार फुगते. तिच्यावर घराचा पाया घालताना गवंडी घाबरतो ते उगीच नाही.

पावसाचा हिशेब

कणकुंबी ते अथणी सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आत आहे. कणकुंबीला वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो, अथणीकडे त्याचा लहानसा वाटा. म्हणून जिल्ह्याची सरासरी निरुपयोगी आहे. आपल्या होबळीचे (तालुक्याखालच्या महसूल विभागाचे) आकडे घ्या, शक्य तितकी जास्त वर्षे, महिन्यागणिक. शेजारी दरमहा बाष्पीभवनाची गरज लिहा.

जूनला मातीचे भांडे रिकामे धरा. पाऊस गरजेपेक्षा जास्त झाला की फरक भांड्यात टाका, भांडे भरले की बाकी वाहून गेले. भांड्याचे माप खड्ड्यातून येते: एक मीटर काळीत 15 टक्के धरले तर 150 मिलिमीटर, 30 सेंटिमीटर मुरमाडीत 10 टक्के धरले तर 30. परतीचा पाऊस थांबल्यावर रोज 4 मिलिमीटर गेले तर काळी 37 दिवस तग धरते, मुरमाडी आठवडाभर. एकाच पावसात एका शेतात शाळू येतो आणि वरच्या अंगाला करपतो, त्याचे हेच कारण.

खानापूरला एवढा पाऊस म्हणून ओलाव्याचा वर्ग दमट लिहिण्याची चूक नेहमी होते. डिसेंबर ते मे मोजा. वर्गीकरणात एकूण पावसाला महत्त्व नाही. मुळांचा भाग 90 दिवस किंवा त्याहून जास्त कोरडा राहतो का ते बघायचे. जांभ्याच्या उघड्या सड्यावर तो राहतो, तेव्हा वर्ग 'अस्टिक', म्हणजे हंगामी कोरडा, येतो. तापमानातही अशीच गंमत आहे. उन्हाळा-हिवाळा यांतला फरक जून-जुलै-ऑगस्ट आणि डिसेंबर-जानेवारी-फेब्रुवारी यांच्या सरासरीतून काढतात. आपल्याकडे जून ते ऑगस्ट पावसाचे थंड महिने, एप्रिल त्यात येतच नाही. म्हणून फरक 6 अंशांच्या, म्हणजे वर्गीकरणातल्या मर्यादेच्या, बराच आत राहतो.

मेळ बसला नाही तर

खड्डा, प्रयोगशाळा आणि पाऊस अशी तिन्ही माहिती एका कागदावर मांडा. जांबोटीच्या जांभ्यावर सामू 8.2 आला तर आधी नमुना कुठून घेतला ते विचारा. चुना टाकलेला असेल किंवा पिशव्यांची अदलाबदल झालेली असेल. माथ्यावर दीड मीटर काळी सापडली तर उतार पुन्हा मोजा, बहुधा ती जागा लहानशी लवण (खोलगट भाग) असते. न जुळणारा आकडा खोडू नका. त्या थराचा राखून ठेवलेला अर्धा किलो नमुना पुन्हा पाठवा.

खड्डा बुजवताना खालची माती आधी, प्रत्येक फुटाला पायाने दाबत, आणि शेतकऱ्याची वरची माती शेवटी. उलटे झाले तर त्या जागी दोन-तीन वर्षे पीक पिवळे राहते.