‘रीच’ आणि ‘अराइव्ह’ : पोहोचण्याची दोन क्रियापदे

‘मी दादरला पोहोचलो’ हे इंग्रजीत सांगताना आपल्या तोंडून ‘आय रीच्ड टू दादर’ असे सहज निघते, कारण मराठीतला ‘ला’ हा प्रत्यय ‘टू’चे रूप घेऊन मागोमाग येतो. ‘रीच’ हे सकर्मक क्रियापद असल्याने त्याला मधला शब्द चालत नाही. ठिकाण थेट जोडून ‘आय रीच्ड दादर’ म्हणावे. ‘अराइव्ह’ मात्र अकर्मक आहे, म्हणून स्थानकासारख्या नेमक्या जागेआधी ‘अ‍ॅट’ आणि शहराआधी किंवा देशाआधी ‘इन’ लावावे: ‘अराइव्ह्ड अ‍ॅट दादर स्टेशन’, पण ‘अराइव्ह्ड इन मुंबई’. ‘होम’, ‘हिअर’ आणि ‘देअर’ यांच्याआधी दोहोंनाही काही लागत नाही.

लोकलमधून उतरताच घरी धाडला जाणारा ‘रीच्ड’ हा एकशब्दी निरोप भारतीय इंग्रजीत इतका रुळला आहे की त्याला चूक म्हणणे मला पटत नाही. परदेशी सहकाऱ्याला लिहिताना मात्र ‘आय हॅव अराइव्ह्ड’ हेच बरे. गाडी फलाटावर येते तेव्हा ‘अराइव्ह’, आणि डब्यातल्या गर्दीत हात वरच्या कडीपर्यंत पुरतो तेव्हा फक्त ‘रीच’. फोनवर कुणाशी संपर्क होत नसेल, तर तिथेही ‘रीच’च.