वादळी वारा: आधी दारं-खिडक्या, मग छप्पर

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण १२ किलो; १०० ला तोच ४८ च्या आसपास. म्हणजे दोन चौरस मीटरच्या दारावर शंभरेक किलोचा माणूस सतत रेलून उभा आहे, आणि तो सगळा भार एका कडीवर. म्हणून दाराला वर आणि खाली अशा दोन्ही कड्या हव्यात, आणि बिजागऱ्यांचे स्क्रू फिरवून बघायला हवेत.

छप्पर अनेकदा आतल्या दाबामुळेही उडतं. वाऱ्याकडची खिडकी फुटली की हवा घरात कोंबली जाते आणि पत्रा खालून ढकलते; वरचा वारा तर त्याला आधीच ओढत असतो. त्यामुळे ‘दाब सारखा राहावा म्हणून एक खिडकी उघडी ठेवा’ हा सल्ला मुळीच ऐकू नका. आतल्या खोल्यांची दारंही लावून घ्या. काचेवर चिकटपट्टीची फुली मारण्यात वेळ घालवू नका. काच फुटायची ती फुटतेच, वर तुकडे मोठे पडतात. बाहेरून १२ ते १६ मिलिमीटरचा प्लायवूड चौकटीला स्क्रूने कसा.

पत्रा सुटायला सुरुवात होते कडेपासून आणि कोपऱ्यांतून, कारण ओढ तिथेच सर्वांत जास्त. तिथले जे-हुक (पत्रा खालच्या आधाराला आवळून धरणारे आकडे) आधी तपासा: वॉशर कडक होऊन तडकलेला, नटाला गंज, भोक लांबट झालेलं. हे सगळं आकाश स्वच्छ असताना; वारा सुटल्यावर छपरावर चढायचं नाही. पत्र्यावर सुटे दगड ठेवणं तर सर्वांत वाईट, तेच खाली कुणाच्या तरी डोक्यात येतात.

वादळात काचांपासून लांब, सर्वांत आतल्या छोट्या खोलीत थांबा. चक्रीवादळात वारा एकाएकी पडला, तर वादळाचा डोळा, म्हणजे त्याचा शांत मध्यभाग, डोक्यावर आलेला असू शकतो. तसं असेल तर थोड्या वेळाने वारा उलट दिशेने तितक्याच जोराने येतो. ‘ओसरलं’ असं अधिकृत कळेपर्यंत बाहेर पडू नका.

नंतर तुटलेल्या तारेपासून किमान १० मीटर दूर राहा. ओली जमीनही वीज वाहते. तार गाडीवर पडली तर आतच बसा. गाडीने पेट घेतला तरच, गाडी आणि जमीन एकदम न शिवता, दोन्ही पाय जुळवून उडी मारा आणि पावलं न उचलता घासत दूर जा. जनरेटर घरात किंवा खिडकीजवळ लावू नका, धुराचा विषारी वायू वासावरून कळत नाही. आणि त्याची पिन घरातल्या सॉकेटमध्ये खुपसू नका: वीज उलटी खांबावर जाते, आणि तिथे तार जोडायला कुणी चढलेलं असतं.