समोरून तांडेल, बाजूने त्याचा चुलतभाऊ: गेममधला चेहरा सगळीकडून एकच कसा दिसेल

समोरून चेहरा झकास जमतो, बाजूने पण जमतो, पण दोन्ही शेजारी ठेवले की दोन वेगळी माणसं दिसतात, असं ज्यांचं होतं त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं व्हायचं. मावसभाऊ फोनवर खेळायचा एक छोटा गेम बनवतोय, मालवणकडच्या मच्छीमारी बोटीवरचा, आणि त्यातला म्हातारा तांडेल (बोटीचा कप्तान) काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. नाक पोपटासारखं, मिशी जाड, हनुवटी पुढे आलेली, उजव्या कानात सोन्याची बाळी. मी समोरून काढला, बाजूने काढला, थ्री-क्वार्टर (समोर आणि बाजू यांच्या मधल्या कोनातून) काढला, मस्त रंगवून पाठवून दिला. त्याने चित्रं ब्लेंडर या थ्रीडी मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये लावली आणि अर्ध्या तासात फोन, "अरे समोरून तांडेल आहे नि बाजूने त्याचा चुलतभाऊ, मी मॉडेल नक्की कोणाचं करू?" बघतो तर समोरच्या चित्रात जिथे नाक संपत होतं तिथे बाजूच्या चित्रात मिशी अर्धी होऊन गेलेली.

चूक काय होती तर मी प्रत्येक चित्र नव्याने काढत होतो, दिसायला चांगलं दिसलं की पुढे. आणि गंमत म्हणजे हे मला आधीच कळायला हवं होतं, कारण लहानपणापासून गणपतीच्या शाळेत माती मळलीय. (कोकणाबाहेरच्यांसाठी: आमच्याकडे मूर्ती करतात त्या जागेला शाळा म्हणतात, लोक आपापल्या घरचा पाट तिथे नेऊन ठेवतात आणि त्यावर मूर्ती होते.) तिथे मी सोंडेशी खेळत बसलो की काका मागून यायचे, पाट गर्रकन फिरवायचे आणि म्हणायचे, "मेल्या, फुडसून बरो दिसता, बाजूसून बघलंस काय?" मातीच्या गोळ्याला समोरचं चित्र वेगळं आणि बाजूचं चित्र वेगळं असं नसतंच ना, गोळा एकच. कागदावर पण तसंच करायचं, आधी एक डोकं ठरवायचं, मग ते फिरवायचं.

तर आधी मापं. पेन हातात घ्यायच्या आधी माणसाची चार-पाच मापं ठरवून लिहून ठेवा, डोक्यात ठेवू नका, डोक्यातलं रोज बदलतं. साधारण मोठ्या माणसाचं डोकं असं असतं की टाळूपासून हनुवटीपर्यंतच्या बरोबर मध्यावर डोळे येतात. नवशिके हमखास वर काढतात कारण कपाळ रिकामं वाटतं. केस सुरू होतात तिथून भुवई, भुवईपासून नाकाची खालची कड, तिथून हनुवटी, हे तीन भाग जवळपास सारखे. कान भुवई ते नाकाची खालची कड एवढ्यात बसतो. समोरून चेहऱ्याच्या रुंदीत पाच डोळे मावतात, दोन डोळ्यांच्या मध्ये एक डोळ्याएवढी जागा. ओठांची रेघ नाक आणि हनुवटी यांच्यातल्या अंतरात वरून साधारण एक तृतीयांशावर. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्यांनी यातलं काही ना काही ऐकलं असेल. आता तुमचं कॅरॅक्टर या मापांपेक्षा कुठे वेगळं आहे तेवढंच लिहा, तीच त्याची ओळख. माझ्या तांडेलाचं: नाक एक बोट लांब, कान मोठे (म्हातारपणी दिसतातच), हनुवटी ओठांच्या पुढे, डोळे बारीक. बस.

मग कॅनव्हासवर आडव्या रेषा मारा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. टाळू, केसांची कड, भुवई, डोळा, नाकाची खालची कड, ओठ, हनुवटी. समजा डोकं ८०० पिक्सेल उंच घेतलंत तर डोळ्याची रेघ ४०० वर, रुंदी साधारण ५५० च्या आसपास, आणि बाजूने खोली ७०० च्या जवळपास, म्हणजे डोकं समोरून जितकं रुंद तितकं बाजूने नसतं, बरंच खोल असतं. बाजूचा चेहरा चपटा वाटतो, मागची कवटी गायब वाटते, त्याचं नव्वद टक्के कारण हेच. समोर आणि बाजू ही दोन्ही चित्रं याच रेषांवर उभी करायची, उंची बदलायची परवानगीच नाही. भुवई समोर ३४० वर असेल तर बाजूला पण ३४० वरच.

बाजूच्या चित्रात नवीन ठरवायचं ते फक्त पुढे-मागे. नाक किती पुढे, भुवईचं हाड किती, डोळा त्याच्या किती आत, हनुवटी कुठे. कान डोक्याच्या मध्यावरच्या उभ्या रेषेच्या लगेच मागे येतो, बरेच जण त्याला गालावर आणून चिकटवतात. आणि डोळा बाजूने बदामाच्या आकाराचा नसतो, आडवा पाडलेला त्रिकोण असतो. आता इथे एक मुद्दा. आमच्या कुडाळजवळ पिंगुळी आहे, तिथल्या चित्रकथीच्या चित्रांमध्ये चेहरा बाजूने आणि डोळा मात्र समोरून दिसतो तसा टपोरा असतो, आणि ते सुंदरच दिसतं (पिंगुळीच्या परशुराम गंगावणेंना या लोककलेसाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाला). म्हणजे असं काढणं चूक नाही, पण मग तो नियम सगळ्या पानांवर पाळायचा. मिकीचे कान कुठूनही बघा गोलच दिसतात, खऱ्या डोक्यावर ते शक्य नाही, पण ते कायम तसेच असतात म्हणून कोणाला खटकत नाही. कार्टून स्टाइल असेल तर असे नियम आधीच लिहून घ्या. मात्र थ्रीडी मॉडेल होणार असेल तर असल्या आयडिया मॉडेल करणाऱ्याला आधी विचारून, नाहीतर शिव्या.

आता थ्री-क्वार्टर, सगळ्यांचं घोडं इथेच अडतं. मला ज्याने सुटलं ते सांगतो, जरा कंटाळवाणं आहे पण एकदाच करायचं असतं. डोकं वरून काढा. हो, टाळूवरून खाली बघितल्यासारखं. एक अंड्यासारखा आकार, रुंदी समोरच्या चित्रातून, खोली बाजूच्या चित्रातून, त्यावर नाकाचा शेंडा, डोळ्यांचे कोपरे, ओठांचे कोपरे, कान असे ठिपके मांडा. मग हा नकाशा ४५ अंश फिरवा आणि प्रत्येक ठिपक्यापासून सरळ खाली उभी रेघ सोडा. आडव्या रेषा आधीच आहेत. दोन्ही जिथे छेदतात तिथे तो अवयव. संपलं. डिप्लोमाला इंजिनिअरिंग ड्रॉईंग केलेले आता हसतील, टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यू हेच तर असतं, आणि ड्यूरर नावाच्या जर्मन चित्रकाराने पाचशे वर्षांपूर्वी माणसांची डोकी याच पद्धतीने मांडून ठेवलीत. दहा-बारा ठिपके पुरतात, मधलं हाताने जोडायचं.

हे केलंत की कळतं आपण किती फसत होतो. डोकं गोल धरलं आणि ३० अंश वळवलं तर मधली रेघ, म्हणजे कपाळ-नाक-हनुवटी जोडणारी, मध्यापासून कडेपर्यंतच्या अंतराच्या बरोब्बर अर्ध्यावर जाते. ४५ अंशाला ती ७० टक्के सरकलेली असते. आपण ४५ समजून काढतो ते बहुतेक वेळा २५-३० च असतं, कारण पलीकडचा गाल एवढा कमी दिसेल हे मनाला पटत नाही. पलीकडचा डोळा अरुंद होतो, त्याचा आतला कोपरा नाकाच्या दांड्यामागे थोडा लपतो, आणि तांडेलासारखं नाक असेल तर शेंडा पलीकडच्या गालाच्या कडेला टेकतो किंवा सरळ बाहेर येतो. येऊ दे. मी आधी तो आत ढकलत होतो, म्हणून थ्री-क्वार्टरमध्ये त्याला नाकाचं ऑपरेशन केल्यासारखं दिसत होतं. आणि मधली रेघ सरळ मारू नका, ती डोक्याच्या गोलाईवरून वळत जाते, कपाळावर फुगते, डोळ्यांपाशी आत जाते, नाकावर पुन्हा बाहेर.

वर-खाली बघणारा चेहरा. स्वयंपाकघरात जा आणि एक कळशी घ्या. फळीवर डोळ्यांच्या वर ठेवा, काठाची आपल्याकडची बाजू वर फुगलेली दिसेल. जमिनीवर ठेवा, तीच कड खाली झुकलेली. तांडेल मान वर करून ढग बघतोय तर भुवई, डोळे, ओठ सगळ्या रेषा वर फुगलेल्या कमानी, जाळं विणत खाली बघतोय तर सगळ्या खाली झोकलेल्या. आणि कान! मान वर गेली की चेहरा वर जातो, कान मात्र मागच्या बाजूला असतो म्हणून डोळ्यांच्या मानाने खाली येतो. मान खाली, तर कान वर. हे एवढं एक जरी बरोबर केलंत तरी बघणाऱ्याला मान वळलेली पटते, बाकी थोडं चुकलं तरी खपून जातं. वर बघताना जबड्याची खालची बाजू दिसते, नाकपुड्या दिसतात, कपाळ आखूड होतं. इथे आडव्या रेषांचा नियम चालत नाही, तो फक्त डोकं सरळ असताना.

आता ज्यांना एवढं गणित नको त्यांच्यासाठी, आणि खरं सांगू तर मी आता हेच जास्त करतो, डोकं मातीचं बनवा. शाडू मिळाली तर उत्तम, नाहीतर पोरांची क्ले चालते. हापूस आंब्याएवढं पुरे, जास्त मोठं नको. नारळाच्या झावळाचा हीर (पानाची मधली काडी) सोलून घ्या, त्याच्या टोकाने डोळ्यांच्या खाचा आणि ओठ निघतात. फिनिशिंग करत बसू नका, हे देव्हाऱ्यात ठेवायचं नाहीये, फक्त उंचवटे आणि खड्डे जागेवर हवेत. रात्री ओलं फडकं गुंडाळून ठेवा नाहीतर सकाळी नाकाला तडा. छोट्या पाटावर ठेवा, पाटाच्या कडेला ४५-४५ अंशांवर खडूच्या आठ खुणा करा, एका बाजूने एकच बल्ब लावा आणि खुणेखुणेने फिरवत फोटो काढत जा. पावसात लाईट गेली तर मेणबत्तीत पण भारी दिसतं.

फोटोची एक गोष्ट मात्र सांभाळा. फोन जवळ नेऊन काढला की नाक फुगतं आणि कान मागे पळतात, सेल्फीत आपलं होतं तसंच. सहा-सात फूट लांब जा आणि झूम करा, लेन्स तांडेलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि सगळे फोटो तेवढ्याच अंतरावरून. स्वतःचा किंवा मित्राचा चेहरा रेफरन्स म्हणून घेत असाल तरी हेच. नाहीतर समोरचा फोटो जवळून आणि बाजूचा लांबून, आणि मग तुम्ही कितीही इमानदारीने काढा, जुळणारच नाहीत.

केस आणि मिशी शेवटी, टक्कल पडलेलं डोकं सगळ्या बाजूंनी जुळल्यावर. केस कवटीवर जाडी घेऊन बसतात, भांग कवटीवरच्या एका ठिकाणाहून निघतो, ती जागा वरच्या नकाशात मांडून ठेवा. मिशी पण वस्तूच, दाराला तोरण लावतो तशी ती ओठावर लावलेली आहे, थ्री-क्वार्टरमध्ये पलीकडचं टोक आखूड होणार.

तपासायला तीन गोष्टी करतो. चित्र आरशासारखं उलटं करून बघतो, क्रिटा या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये एम दाबलं की झालं, क्रिटा फुकट आहे आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर पण चालतं. दुसरं, चेहरा पूर्ण काळा भरून टाकतो, नुसत्या सावलीवरून तांडेल ओळखू आला पाहिजे. आणि तिसरं, ज्याने माझ्या सगळ्यात जास्त चुका सापडल्या, सगळे अँगल एकामागून एक फ्रेममध्ये टाकून ॲनिमेशनसारखे पळवतो. डोकं फिरताना दिसायला लागतं आणि जिथे कान उडी मारतो किंवा हनुवटी वरखाली होते तिथे लगेच डोळ्यात खुपतं. शांतपणे बघून जे तासभर सापडत नाही ते इथे दोन सेकंदात.

डाव्या-उजव्याचा घोळ राहिला. चित्रात तोंड डावीकडे असेल तर त्याची स्वतःची डावी बाजू आपल्याला दिसते. बाळी उजव्या कानात, म्हणजे ती दिसणार तोंड उजवीकडे असलेल्या चित्रात, आणि समोरच्या चित्रात आपल्या डाव्या हाताला. ब्लेंडरमध्ये न्यूमपॅडवर १ म्हणजे समोर आणि ३ म्हणजे राईट व्ह्यू, पण कॅरॅक्टर आपल्याकडे तोंड करून उभं असतं म्हणून त्या राईट व्ह्यूमध्ये त्याची डावी बाजू येते, बाळी बघायची तर कंट्रोल धरून ३. यावरून आमचं एक अख्खं भांडण झालंय. त्यामुळे एक बाजू काढून ती उलटी करून दुसरी म्हणून देऊ नका, व्रण, बाळी, भांग असलं काहीही एका बाजूला असेल तर दोन्ही बाजू वेगळ्या काढा आणि वर नाव लिहा, त्याची डावी, त्याची उजवी.

एवढं सगळं करून पाठवलं, डोकं जुळलं, भाऊ खूश. मग त्याने ठरवलं की गेम टूडीच ठेवायचा, आणि तांडेल डावीकडे चालायला लागला की तेच चित्र कोडमध्ये आरशासारखं उलटवायचं. म्हणजे प्रत्येक वळणाला बाळी या कानातून त्या कानात. दोन दिवस वाद घातला, शेवटी मी दोन्ही कानांत बाळ्या काढून दिल्या.