उंच डोंगर चढताना मूल पुढे, आपण मागे

मुलासोबत मोठी चढण चढताना पहिल्या तासातच त्याला धाप लागते आणि पुढचा सगळा दिवस ओढाताणीत जातो. कारण बहुतेकदा एकच: पुढे मोठा माणूस चालतो आणि मूल त्याला गाठायला पळतं.

१. चढताना मुलाला पुढे ठेवा. वेग त्याचा. आपण एक-दोन पावलं मागे, म्हणजे पाय घसरला तर हात पोचतो. उतरताना उलट करा, आपण खालच्या बाजूला.

२. चालता चालता त्याला काहीतरी सांगायला लावा. शाळेतली गंमत, एखादी गोष्ट, काहीही. पूर्ण वाक्य एका दमात येत असेल तर वेग बरोबर आहे. शब्द तुटायला लागले की लगेच हळू व्हा. "दमलास का?" असं विचारू नका; मुलं हटकून "नाही" म्हणतात.

३. तहान लागायची वाट न पाहता घोटभर पाणी, थोडा खाऊ. थांबलात की आधी अंगावर जाकीट.

३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका.

आणि हे मात्र नीट लक्षात ठेवा: २,५०० मीटरच्या पुढे मूल विनाकारण चिडचिड करू लागलं, खायला नको म्हणालं, डोकं दुखतंय म्हणालं किंवा उलटी झाली, तर तो हट्ट समजू नका. उंचीचा त्रास समजून चढाई तिथेच थांबवा. बरं वाटेना तर खाली उतरा. तोल जात असेल किंवा गुंगी येत असेल तर क्षणभरही न थांबता खाली उतरा, शिखर समोर दिसत असलं तरी.