हेझी आयपीएसाठी क्वाइक: यीस्टचं पाकीट घेण्याआधीची तयारी

‘अननस, आंबा, पेरू’ असं लिहिलेलं क्वाइकचं, म्हणजे नॉर्वेतल्या शेतघरांतून आलेल्या बिअरच्या यीस्टचं, पाकीट मागवण्याआधी साधा थर्मामीटर घ्या आणि फर्मेंटर (बिअर आंबवायचा डबा) जिथे ठेवणार ती जागा दोन दिवस मोजा: दुपारी किती, पहाटे किती. क्वाइकची निवड या दोन आकड्यांवरून करायची, चवीचं वर्णन त्यानंतर बघायचं. सलग चार दिवस तुम्ही किती उष्णता टिकवू शकता हे आधी ठरलं की यादीतली निम्मी नावं आपोआप गळतात.

कारण या यीस्टच्या घडणीतच आहे. पश्चिम नॉर्वेतल्या व्हॉस, होर्निंडाल, स्टोर्डाल अशा भागांतल्या शेतघरांनी ते पिढ्यान्‌पिढ्या जपलं. लाकडी कड्यांवर वाळवून ठेवायचं आणि पुढच्या वेळी 35 ते 40 अंशांच्या, चांगल्या दाट गोड वर्टमध्ये (माल्टच्या न आंबलेल्या रसात) अगदी थोडं टाकायचं, अशी रीत. उष्णता, भरपूर साखर आणि कमी बी या तिन्ही गोष्टींची त्याला सवय आहे. नेहमीचं एल यीस्ट 32 अंशांवर गेलं की घशाला झोंबणारी जड अल्कोहोलं सोडतं. क्वाइक मात्र तिथेच रंगात येऊ लागतं. लवंगेसारखा फिनॉलिक वास ते देत नाही, म्हणून हेझी आयपीएशी (धूसर, फळांच्या वासाच्या बिअरशी) त्याचं जमतं.

पुढे जाण्याआधी कायद्याचं बघून घ्या. महाराष्ट्रात 1949च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य बनवता येत नाही, त्यामुळे ही तयारी जिथे घरगुती बिअरला मुभा आहे तिथल्या मराठी घरांसाठी. अमेरिकेत 1978च्या केंद्रीय कायद्याने ती मुभा दिली, तरी आपल्या राज्याचे नियम वाचून ठेवा. न्यू जर्सीच्या जुलैतल्या गॅरेजमध्ये बिअर करायची तर क्वाइकइतकं सोयीचं यीस्ट सापडणं कठीण.

आता जाती. हीटिंग बेल्ट आणि कंट्रोलर लावून 35 ते 38 अंश धरता येत असतील तर व्हॉस घ्या. संत्र्याच्या सालीचा स्पष्ट वास, झपाट्याने आंबवणं आणि तळाशी घट्ट बसणं हे त्याचे गुण. हाच व्हॉस 28 अंशांवर ठेवला तर संत्रं फिकं पडतं आणि चारचौघांसारखी बिअर हाती येते. सिट्रा, अमारिलो, सेंटेनियल या हॉप्सशी (बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांशी) तो छान बसतो. पारा 30 ते 35च्या दरम्यान राहणार असेल तर होर्निंडाल. अननस, आंबा, संत्रं अशी त्याची फळं असतात आणि गॅलक्सी-मोझॅकच्या जोडीला ती उठून दिसतात. एकच जात निवडायची तर हेझीसाठी आमचं मत होर्निंडाललाच. स्टोर्डालचं एबेगार्डेन पेरू-आंब्याकडे झुकतं आणि हेझीला शोभतं, पण ते मोजक्याच प्रयोगशाळा विकतात. खोली विशीच्या आतबाहेर असेल आणि बेल्टही नसेल तर स्ट्रांडाकडचं हॉटहेड किंवा होर्निंडालमधून वेगळं काढलेलं लुत्रा बघा. लुत्रा जवळजवळ गंधहीन आंबवतं. त्यात फळं शोधू नका. ज्यांना फक्त हॉप्स बोलायला हवेत त्यांनी ते घ्यावं.

पाकिटावर नाव सारखं असलं म्हणजे आत तेच यीस्ट असेल असं नाही. मूळ शेतघरांतल्या विरजणात एकापेक्षा जास्त जाती असतात, काहींत जिवाणूही असतात; प्रयोगशाळा बहुधा त्यातली एखादी जात वेगळी करून विकते. म्हणून दुकान बदलताना एक छोटी चाचणी ठेवा. चार लिटर वर्ट बाजूला काढा, दोन बरण्यांत वाटा, दोन्हींत सारखंच यीस्ट घाला, एक 30 अंशांवर आणि दुसरी 37वर ठेवा. हॉप्स घालू नका, नाहीतर यीस्टचा वास त्यांच्याखाली दबतो. चौथ्या दिवशी दोन्ही पेले शेजारी ठेवून हुंगले की पाकिटावरच्या वर्णनापेक्षा जास्त कळतं.

वीस लिटरसाठी सामान असं लावा: पेल माल्ट साडेचार किलो, ओट्सचे पोहे 900 ग्रॅम, गव्हाचं माल्ट 600 ग्रॅम. 67 अंशांवर तासभर मॅश केलं (भरडलेलं धान्य गरम पाण्यात भिजवलं) आणि कार्यक्षमता 70 टक्के धरली तर सुरुवातीची ग्रॅव्हिटी (साखरेचा अंदाज देणारी घनता) 1.063च्या आसपास येते आणि क्वाइक ती 1.014पर्यंत उतरवतं, म्हणजे साधारण 6.4 टक्के अल्कोहोल. धूसरपणा ओट्स-गव्हाची प्रथिनं आणि हॉप्समधली पॉलिफिनॉलं मिळून आणतात. तरंगणाऱ्या यीस्टवर तो सोडू नका. व्हॉस दोन दिवसांत तळाला बसेल आणि बिअर तरीही धूसरच राहील.

पाणी आरओचं घेत असाल तर एकूण तीस लिटरला सव्वानऊ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड आणि चार ग्रॅम जिप्सम घाला. क्लोराइड 150 आणि सल्फेट 75 पीपीएमपाशी येतं, तोंडात मऊपणा राहतो. मॅशचा पीएच 5.3 ते 5.4 ठेवा, त्याखाली नेऊ नका. क्वाइक पीएच लवकर आणि बराच खाली ओढतं. आधीच आंबट बाजूने सुरुवात केली तर शेवटी बिअर लिंबासारखी टोचते आणि हॉप्सचा कडूपणाही खरखरीत लागतो.

यीस्टचं खाणं विसरू नका. क्वाइकच्या रखडण्यामागे बहुतेक वेळा उपासमार असते. सवय दाट वर्टची, त्यामुळे 1.050च्या खालच्या वर्टमध्ये त्याला नायट्रोजन अपुरा पडतो आणि गंधकाचा, उकडलेल्या अंड्यासारखा वास येतो. यीस्ट न्यूट्रिएंटची पाकिटावरची पूर्ण मात्रा उकळीच्या शेवटच्या दहा मिनिटांत घाला. हलक्या वर्टला दीडपट घाला. थंड झालेलं वर्ट फर्मेंटरमध्ये ओतल्यावर दोन-तीन मिनिटं जोरात हलवून हवा मिसळा. सुकं व्हॉस वीस लिटरला 11 ग्रॅमचं एक पाकीट पुरतं. ‘कमी बी टाका म्हणजे जास्त फळं’ हा सल्ला खरा आहे, पण न्यूट्रिएंट आणि उष्णता दोन्ही हातात असतील तरच. पहिल्या खेपेला पूर्ण पाकीट टाका.

वर्ट 35 अंशांपर्यंतच थंड करायचं असल्याने उन्हाळ्यातलं कोमट नळाचं पाणीही चिलरला चालतं. पण बेल्ट, कंट्रोलर आणि गुंडाळायची गोधडी आधीच तयार हवी. सेन्सर फर्मेंटरच्या अंगाला टेपने चिकटवून त्यावर फोमचा तुकडा दाबून बसवा, नाहीतर तो खोलीची हवा मोजत राहतो. चार-सहा तासांत फेस चढायला लागतो, म्हणून एअरलॉकऐवजी (वायू बाहेर सोडणाऱ्या छोट्या झडपेऐवजी) जाड नळी लावून तिचं टोक सॅनिटायझरच्या भांड्यात बुडवा. पहिल्या दिवशी यीस्ट स्वतःच्या उष्णतेवर चढतं; दुसऱ्या रात्री जोर ओसरतो आणि न गुंडाळलेला डबा पहाटेपर्यंत आठ-दहा अंश उतरू शकतो. मग ग्रॅव्हिटी 1.022वर अडकते. अशा वेळी नवीन यीस्ट टाकू नका. 36 अंशांवर परत न्या, हलक्या हाताने डबा गोल फिरवा.

हॉप्समध्ये उकळीनंतर 80 अंशांवर वीस मिनिटं 100 ग्रॅम, आणि ड्राय हॉपला (आंबलेल्या बिअरमध्ये न उकळता घालायच्या हॉप्सना) लिटरमागे आठ ग्रॅम, म्हणजे 160. पुढच्या खेपेसाठी यीस्ट जपायचं असेल तर ते ड्राय हॉपच्या आधीच काढा, तेलकट हॉप्सच्या गाळात मिसळलेलं नको. बेकिंग पेपरवर पातळ पसरून 35 अंशांच्या आत वाळवा आणि फ्रीझरमध्ये ठेवा.

सगळ्यात जास्त लक्ष पुढच्या टप्प्यावर द्या. 37 अंशांवरच ड्राय हॉप घातला तर गवताळ, तुरट अर्क उतरतो, म्हणून आधी 16 ते 18 अंशांवर आणून दोन-तीन दिवस ठेवतात. तिथे क्वाइक बहुतांशी झोपतं. हॉप्समधले एन्झाइम मात्र जागे असतात आणि न आंबणाऱ्या साखरा तोडत राहतात. हायड्रोमीटरचा (ग्रॅव्हिटी मोजायच्या साधनाचा) आकडा स्थिर दिसतो, बाटल्या भरल्या जातात, उबदार खोलीत यीस्ट उठतं आणि ती नवी साखर खातं. आधी बाटल्या उसळतात, मग फुटतात. यावर उपाय असा: ड्राय हॉपनंतर 200 मिली बिअर स्वच्छ बरणीत काढा, दोन दिवस 32 अंशांवर ठेवा आणि पुन्हा मोजा. दोन अंकांपेक्षा जास्त, म्हणजे 1.014ची 1.011 झाली, तर सगळा फर्मेंटर पुन्हा उबेत न्या आणि आकडा थांबेपर्यंत बाटल्या भरू नका.

बाटलीतल्या साखरेचा हिशेब करताना कॅल्क्युलेटरमध्ये आजचं 18 अंश तापमान टाकू नका, बिअर ज्या सर्वोच्च तापमानाला आंबली ते टाका. 37 अंशांवर तिच्यातला बराच वायू उडून गेलेला असतो. 2.3 व्हॉल्यूमसाठी (बिअरमध्ये विरघळलेल्या वायूचं माप) लिटरमागे सुमारे 6.8 ग्रॅम साखर लागते. 18 अंश धरले तर साडेपाचच निघेल आणि बिअर मिळमिळीत होईल. भरलेल्या बाटल्या आठवडाभर 25 अंशांच्या वर ठेवा.

केग (बिअरचं धातूचं पिंप) असेल तर तो सॅनिटायझरने काठोकाठ भरून कार्बन डायऑक्साइडने रिकामा करा आणि बिअर बंद नळीतूनच आत घ्या. हवा शिरली की हेझी आठवड्यात करडी-जांभळट पडते आणि तिचा वास भिजलेल्या पुठ्ठ्याकडे जातो.