किनाऱ्यालगतच्या सफरीत यॉटचे इंजिन बंद पडले तर

मांडव्याहून निघून मुरूड, हर्णै, जयगड, विजयदुर्ग करत मालवणला चालला आहात. दुपारचे दोन वाजलेत, किनारा दोन-तीन मैलांवर आहे. इंजिनाचा आवाज खालावतो आणि बंदच पडतो. अशा वेळी सगळ्यांची धाव इंजिनाच्या झाकणाकडे असते. तिकडे जाऊ नका. पहिली पाच मिनिटे बोटीची, इंजिनाची नंतर.

याचे कारण वारा. कोकणात हिवाळ्यापासून मेपर्यंत पहाटे जमिनीकडून मतलई वारा येतो, पण दुपारनंतर वायव्येचा खारा वारा धरतो आणि बंद बोटीला किनाऱ्याकडे ढकलतो. ताशी एक मैलाने वाहिलात, तरी दोन तासांत खडकांजवळ पोचाल.

आधी बोट थांबवा

बोटीत अजून थोडी गती असते. तेवढ्यात सुकाणू वळवून पुढचे टोक खुल्या समुद्राकडे करा. सगळ्यांना लाइफ जॅकेट घालायला लावा, पोहता येणाऱ्यांनाही. मग खोली बघा आणि नांगर टाका. आपल्या किनाऱ्यावर समुद्र सावकाश खोल होत जातो, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी दोन-तीन मैलांवरही नांगर तळाला पोचतो.

साखळी-दोर सोडताना कंजुषी नको. खोली 8 मीटर, बोटीचे टोक पाण्यापासून 1 मीटर वर आणि भरतीला अजून 3 मीटर पाणी चढणार, असे धरले तर झाले 12. त्याच्या पाचपट म्हणजे 60 मीटर सोडा. वारा जोराचा असेल तर सातपट. मुंबईजवळ उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटरही चढते, मालवणकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास, म्हणून भरतीचा हिशेब ठिकाणाप्रमाणे करा. नांगर पकडला की बोट नांगरलेली असल्याची खूण म्हणून काळा गोळा पुढे दिसेल असा टांगा, रात्र झाली तर चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा लावा.

आता व्हीएचएफ रेडिओवर चॅनेल 16. जिवाला लगेच धोका नसेल तर तीनदा ‘पॅन-पॅन’ म्हणून बोटीचे नाव, जीपीएसवरचे अक्षांश-रेखांश, काय बिघडले आणि बोटीवर माणसे किती ते सांगा. नांगर घसरून बोट खडकांकडे चालली असेल, पाणी आत येत असेल किंवा आग लागली असेल तर ‘मेडे’. तटरक्षक दलाचा टोल फ्री क्रमांक 1554 आहे, पण समुद्रात मोबाइलची रेंज सगळीकडे मिळत नाही, तेव्हा रेडिओ हाच खरा आधार. संकोच करून उशीर लावू नका. आपण कुठे आहोत हे कुणाला तरी ठाऊक असणे फार मोलाचे असते.

मग आठवा, इंजिन बंद पडले कसे?

धापा टाकत, वेग कमी-जास्त होत बंद पडले असेल तर संशय डिझेलवर घ्या. पावसाळ्यात बोट तीन-चार महिने उभी असते. अर्ध्या रिकाम्या टाकीत दमटपणाने पाणी धरते आणि त्या पाण्यात जंतू वाढून काळा गाळ तयार होतो. हंगामाच्या पहिल्या लाटांनी टाकी घुसळली की तो गाळ थेट फिल्टरमध्ये जातो. पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरच्या खालच्या वाटीत बघा. तळाला पाणी किंवा काळी साय दिसली तर निचरा करा, फिल्टर बदला, त्यात स्वच्छ डिझेल भरा. मग डिझेलच्या नळीत शिरलेली हवा काढायची: त्यासाठीचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहा आणि बुडबुडे थांबून नुसते डिझेल येऊ लागले की घट्ट करा. म्हणूनच बोटीवर दोन फिल्टर जादा ठेवलेच पाहिजेत.

इथे एक चूक फार महागात पडते. स्टार्टर दहा-पंधरा सेकंदांहून जास्त वेळ मारू नका. पुन्हा पुन्हा मारावा लागला, तर इंजिन थंड करायला समुद्राचे पाणी आत घेणारा कॉक तेवढ्यापुरता बंद करा. नाहीतर ते पाणी एक्झॉस्टमध्ये साचून सिलिंडरमध्ये शिरते. इंजिन चालू होताच कॉक लगेच उघडा.

तापमानाचा काटा चढून गजर झाला असेल तर थंड करणारे पाणी अडले आहे. बऱ्याचदा आत येण्याच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी चिकटलेली असते. इंजिन बंद झाले की ओढ सुटून ती आपोआप निघते. गाळणी साफ करा. तरी एक्झॉस्टमधून पाणी पडत नसेल तर पंपातला रबरी इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारे पात्यांचे चाक, बघा. पाती तुटली असतील तर तुकडे मोजून शोधा, ते पुढे हीट एक्स्चेंजरमध्ये अडकतात. नवा बसवताना साबणाचे पाणी लावा. आणि गरम इंजिनाच्या कूलंटचे झाकण उघडू नका, वाफेने भाजाल.

झाकणाच्या फटीतून धूर येत असेल तर ते उघडूच नका. हवा मिळाली की आग भडकते. डिझेल आणि पंखे बंद करून अग्निशामक फवारा छिद्रातून आत सोडा.

गिअर टाकताच इंजिन बंद पडते आणि न्यूट्रलमध्ये सुरळीत चालते, तर बोटीखालच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) दोर किंवा जाळे अडकले आहे. मागे-पुढे करून सोडवायला जाऊ नका, आणखी गुंतेल. चावी काढून खिशात ठेवा. नांगर पक्का असेल, समुद्र शांत असेल आणि कमरेला दोर बांधलेला असेल तरच कुणी पाण्यात उतरावे. लाटेवर बोटीची मागची बाजू वर-खाली आपटते आणि डोके फुटू शकते. जाळे कापण्याआधी आजूबाजूला बघा, मालकाची होडी जवळच असेल तर त्याला बोलवा. ते जाळे म्हणजे कुणाची तरी रोजीरोटी आहे, आणि त्याला ते आपल्यापेक्षा चांगले सोडवता येते.

स्टार्टर नुसता टकटक करत असेल तर बॅटरीची टोके घासून घट्ट करा, किंवा दुसरी बॅटरी जोडा.

ओढून न्यावे लागले तर

मदतीला बहुधा मच्छीमारांचा ट्रॉलर येईल. दोर देण्याआधी मोबदला आणि कोणत्या बंदरात जायचे ते ठरवून घ्या. जवळची खाडी नेहमीच बरी असे नाही. ओहोटीला खाडीच्या तोंडाशी वाळूच्या बांधावर लाटा फुटतात, त्यापेक्षा विजयदुर्गसारखे आडोशाचे बंदर थोडे लांब असले तरी चालेल. दोर लांब ठेवा, पुढच्या दोन्ही खुंट्यांवर भार वाटून बांधा, आणि ताणलेल्या दोराच्या रेषेत कुणालाही उभे राहू देऊ नका. तुटला तर तो चाबकासारखा उलटतो. बंदराच्या तोंडाशी ट्रॉलरच्या तांडेलाला (कप्तानाला) दोर आखूड करायला सांगा, आणि आपला नांगर सोडायच्या तयारीत ठेवून एक माणूस पुढे बसवा.